बर्फ ऐकायला गेलेले सर

शिक्षकाने वर्गात "मला माहीत नाही" असं म्हणायचं नसतं, असं आमच्या वेळी सगळेच शिक्षक मानायचे. आमचे भूगोलाचे सर मात्र दिवसातून निदान एकदा तरी तसं म्हणायचे. प्रश्न विचारला की चष्मा काढायचे, विचारणाऱ्याकडे नीट बघायचे आणि सांगायचे, "मले माहीत नाही. पाहून सांगतो."

आणि खरंच पाहून सांगायचे. कधी दुसऱ्या दिवशी, कधी तीन वर्षांनी. तोवर विचारणारा शाळा सोडून गेलेला असायचा, विचारणारी मुलगी असेल तर तिचं लग्न झालेलं असायचं, प्रश्न तर कुणाच्याच लक्षात नसायचा. सर सायकल घेऊन दारात हजर.

माझ्या मावसबहिणीच्या बारशाला ते आले होते. पाळण्याजवळच्या बायांपैकी कुणीतरी सहज विचारलं, "सर, बाळ कोणावर गेलं म्हणता?" सरांनी पाळण्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "आता नाही सांगता येत. सहा महिने जाऊ द्या." सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी ते मावशीच्या घरी गेले. मावशीला वाटलं, काही निरोप असेल. सरांनी बाळाला उजेडात आणायला सांगितलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "कान आजीचे हायेत. बाकीचं अजून नक्की नाही." चहा घेतला आणि निघून गेले.

एकदा वर्गात एका मुलाने विचारलं होतं की, वैनगंगेचं पाणी एका दिवसात किती लांब जातं. सरांनी एक वाळलेला भोपळा लाल रंगाने रंगवला, घाटावरून नदीत सोडला आणि काठाकाठाने सायकल घेऊन निघाले. दुसऱ्या दिवशी सायकल खांद्यावर आणि धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं, असे शाळेत आले. भोपळा मासे धरणाऱ्या ढिमरांच्या जाळ्यात अडकला होता. "पुढचं माहीत नाही," त्यांनी वर्गाला सांगितलं. "जाळ्यापर्यंतचं सांगतो."

ही साठ-एकसष्ट सालची गोष्ट. छप्पन साली नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं, तेव्हा नागपूरकडचे बरेच शिक्षक बदली मागून निघून गेले. सर राहिले. वर्गात हिंदीतून शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत आम्हा मराठी घरच्या पोरापोरींशी मराठीत बोलायचे. मी सातवीत होते. हिमालयाचा धडा चालला होता. पुस्तकात डोंगराचं एक काळपट चित्र होतं. मी हात वर केला.

"सर, बर्फ पडते तवा आवाज होते का? पावसासारखा?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि मला कळलं, आता काय ऐकायचं आहे ते.

पुढे मी शाळा संपवली, शिकले आणि त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत गेले तर सर कोपऱ्यात डबा खात बसले होते. मला पाहून म्हणाले, "तुझं राह्यलं हाये. ध्यानात हाये माह्या." मला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा हसावं की वाईट वाटून घ्यावं ते कळेना. बालाघाटात बसून बर्फ पडायची वाट पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग बहात्तरच्या दिवाळीत सरांना एक पत्र आलं. दशरथ नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, बैहरच्या वरच्या जंगलातल्या खेड्यातून येऊन बालाघाटच्या वसतिगृहात राहिलेला. तो फौजेत गेला होता. गुडघा दुखावला म्हणून फौजेतून सुटला आणि सिमल्याच्या पुढे एका डोंगरावर, बर्फावर घसरायला येणाऱ्या लोकांसाठी बांधलेल्या एका लॉजमध्ये कामाला लागला. पाहुण्यांच्या पायांना बांधायच्या लाकडी पट्ट्या, बूट, काठ्या सगळं त्याच्या ताब्यात. त्याने लिहिलं होतं, "गुरुजी, जनवरी में आइए. यहाँ असली बर्फ है."

सर तेव्हा निवृत्तीला आले होते. त्यांनी साठवलेली रजा टाकली. त्यांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या, मी एकटी त्या परक्या मुलुखात बोलू कोणाशी, या पोरीले घ्या संग. काकू सोबत आहेत म्हटल्यावर आईने मला जाऊ दिलं. सर-काकूंना मूलबाळ नव्हतं. काकू किरनापूरकडच्या खेड्यातल्या, नऊवारीतल्या, कमी बोलणाऱ्या. शाळेतल्या पोरांना त्या फक्त सरांच्या डब्यातून माहीत होत्या.

गोंदिया, नागपूर, दिल्ली करत आम्ही कालक्याला पोचलो. सिमल्याची छोटी गाडी फलाटाला लागली होती. सरांनी कोटाच्या खिशातून मोजपट्टी काढली, खाली उतरले आणि दोन रुळांमधलं अंतर मोजू लागले. एक रेल्वेवाला ओरडत आला. सर वर चढले आणि समाधानाने म्हणाले, "अडीच फूट. गोंदियाहून आपल्या इथं येते तेवढीच." सिमल्यापर्यंत त्यांना परक्या मुलुखात आल्यासारखं वाटलंच नाही. काकूंनी मात्र शालीत तोंड झाकून घेतलं होतं, कारण खिडकीच्या एका बाजूला खोल दरी होती.

लॉज लाकडाचं, दुमजली, वर उतरतं पत्र्याचं छप्पर. मधल्या दालनात बुखारी, म्हणजे लाकडं घालायची लोखंडी शेगडी, पेटलेली असायची आणि पाहुणे तिच्याभोवती ओले मोजे वाळवत बसायचे. बहुतेक दिल्लीकडचे, तरुण, इंग्रजी बोलणारे. त्यांच्यात काकू लुगड्याखाली लोकरी मोजे आणि कापडी बूट घालून बसल्या होत्या. घरून आणलेले तिळाचे लाडू त्यांनी दुसऱ्या दिवशी त्या पोरांना वाटले आणि त्यानंतर ती पोरं काकूंसाठी बुखारीजवळची जागा सोडू लागली.

आम्ही पोचलो तेव्हा उतारावर आधीचा बर्फ होता, पण नवीन पडत नव्हता. सरांनी दोन दिवस आभाळाकडे बघत काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दशरथकडे पट्ट्या मागितल्या.

"गुरुजी, चोट लग जाएगी," दशरथ म्हणाला.

"तीस वर्षं पोराईले सांगून राह्यलो, पायाले फळ्या बांधून घसरतात म्हणून. एकदा पाहू दे."

दशरथने स्वतःची गरम पँट त्यांना घातली, पट्ट्या बांधल्या, दोन्ही हातांत काठ्या दिल्या. सर माकडटोपी घालून उभे राहिले, जेमतेम तीन हात पुढे गेले आणि बसले. पुन्हा उठले, पुन्हा बसले. चौथ्या वेळी पट्ट्या सोडवून घेत ते मला म्हणाले, "पुस्तकात घसरतात लिहिलं हाये. पडतात लिहायले पाहिजे होतं." दिल्लीची पोरं टाळ्या वाजवत होती. काकू लॉजच्या ओसरीत उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडू लागला.

मी खाली आले तेव्हा सर ओसरीच्या कठड्याजवळ एक कान बाहेर करून उभे होते. मला हाताने गप्प राहायला सांगितलं. आतून कपबशांचा आवाज येत होता, बुखारीत लाकडं तडतडत होती, कुणीतरी रेडिओ लावला होता. सर वैतागले. "इथं काही आयकू येत नाही," ते म्हणाले. मी चहा घ्यायला आत गेले. परत आले तर ओसरी रिकामी.

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आलोच म्हणून गेले. छत्री घेऊन गेले."

अर्धा तास गेला. मी ओसरीतून खाली पाहिलं. त्यांच्या पावलांच्या खुणा पायरीपासून दहा-बारा हात दिसत होत्या, त्याही भरत चालल्या होत्या. मी दशरथला शोधून सांगितलं. त्याने दोन माणसं घेतली, दोर घेतला, शिट्टी गळ्यात अडकवली आणि ते खाली उतरले. थोडा वेळ शिट्टी ऐकू आली, मग ती पण बंद झाली.

काकू आत यायला तयार नव्हत्या. मी शाल आणून त्यांच्या खांद्यावर टाकली. समोर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. झाडंसुद्धा पुसून गेली होती. मी उगीच बोलत राहिले, येतील, लवकरच येतील. काकूंनी मला थांबवलं.

"हा दशरथ जीव टाकून शोधीन त्याइले," त्या म्हणाल्या. "तुले माहीत नाही."

आणि मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. दशरथ लहान असताना त्याने एकदा वर्गात सांगितलं होतं की, आमच्या गावात थंडीत सकाळी गवत पांढरं होतं, त्याच्यावर बर्फ असतो. सर तेव्हा कडक होते. म्हणाले, खोटं बोलतो. आपल्या जिल्ह्यात बर्फ नाही. आणि त्याला दिवसभर बाकावर उभं केलं. पोरगं रडलं नाही, पण शब्दही मागे घेतला नाही. त्याचा तो चेहरा सरांच्या डोक्यातून जाईना. जानेवारीत ते बसने बैहरला गेले, तिथून पायी त्या खेड्यात. शाळेच्या पडवीत झोपले आणि सकाळी उठून पाहिलं, तर माळावर सगळं गवत पांढरं. दव गोठलेलं. बोटाने खरवडलं तर नखात बर्फ आला.

"मंग काय केलं त्याइनं?" मी विचारलं.

"परत आले, दशरथले आपल्या खुर्चीवर बसवलं अन् सोता बाकावर उभे राह्यले. पूर्ण तास तिथूनच शिकवलं. पोरं आधी हासली, मंग गप्प झाली म्हणे. तवापासून ते पाह्यल्याबिगर काहीच सांगत नाहीत."

नंतरच्या दोन तासांत काकू दोनदा पायरी उतरून खाली गेल्या, दोनदा मी त्यांना धरून वर आणलं. लॉजचा मॅनेजर येऊन सांगून गेला की, आणखी माणसं पाठवली आहेत. दिल्लीची पोरं रेडिओ बंद करून दारात उभी होती. एका मुलीने काकूंच्या हातात गरम पाण्याचा पेला दिला. काकूंनी तो तसाच धरून ठेवला आणि पाणी थंड झालं. मला त्या वेळी एकच गोष्ट छळत होती. तो प्रश्न मी विचारला होता. बारा वर्षांची असताना, तास संपायला पाच मिनिटं होती म्हणून, वेळ जावा म्हणून.

दुपार होत आली तेव्हा एकदम अगदी जवळून शिट्टी वाजली आणि त्या पांढऱ्यातून चार माणसं निघाली. मधला माणूस दोघांच्या खांद्यावर होता आणि त्याच्या डोक्यावर माकडटोपी होती.

मी ओसरीच्या फळीवर मटकन बसले. काकू बसल्या नाहीत. त्यांनी पेला हळूच कठड्यावर ठेवला, पुढे झाल्या आणि सरांच्या टोपीवरचा बर्फ हाताने झाडला.

देवदारांच्या खाली वाट वळते तिथे सरांचा पाय सुटला होता. एका पडलेल्या झाडामागच्या खड्ड्यात ते कमरेपर्यंत रुतले. वर चढायला जावं तितकं आणखी खाली. दशरथने आधी त्यांना पाहिलं नव्हतं, पांढऱ्यात एक काळी छत्री तेवढी दिसली होती.

बुखारीजवळ त्यांना घोंगड्यांत गुंडाळून बसवलं. दात वाजत होते. दशरथ गुडघे टेकून त्यांचे पाय चोळत होता. गुरुजी, गुरुजी, एवढंच म्हणत होता. सरांनी मला जवळ बोलावलं.

"आवाज होत नाही," ते म्हणाले. "छत्रीवर थोडासा होते, सुपात तांदूळ पाखडल्यावाणी. पण बर्फाचा सोताचा नाही. उलट असलेला आवाज खाऊन टाकते. म्या ओरडलो, तर मलेच आयकू नाही आलं." मग थोडं थांबून म्हणाले, "लय भेव लागलं."

मला रडू फुटलं. सर मात्र त्या अवस्थेतही आनंदात होते, एक काम संपल्यासारखे. काकू त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, दशरथच्या हातातून मोहरीच्या तेलाची वाटी घेतली आणि सरांच्या पायाशी बसल्या.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या.

"विचार ना."

"तुम्ही तिथंच राह्यले असते, तर मी घरी कशी गेली असती?"

"हे पोरगी होती ना संग. दशरथ होता."

"आज होते. उद्या कोण राहीन?" काकू तेल चोळत होत्या, वर बघत नव्हत्या. "मले आपल्या गावचं नाव वाचता येत नाही. कोणतं टेसन आलं ते लोकाईले विचारा लागते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी म्या म्हणलं होतं, मले शिकवान का. तुम्ही म्हणले, पाहू. साऱ्या जिल्ह्याच्या पोराईले शिकवलं तुम्ही."

दशरथ उठून लाकडं आणायला गेला. मीही उठायला हवं होतं, पण काकूंनी माझा हात धरला होता.

सरांनी काकूंच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माह्या ध्यानातच राह्यलं नाही."

त्यांच्या तोंडून असं मी कधी ऐकलं नव्हतं. कुणाचा भोपळा, कुणाचं बाळ, कुणाचा बर्फ, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं.

बालाघाटला परतल्यावर आठवड्याभराने मी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघराच्या दारावर खडूने मोठं 'क' काढलेलं होतं. पिठाच्या डब्यावर कागद चिकटवून 'पीठ', मिठाच्या बरणीवर 'मीठ'. काकू चुलीपुढे बसून भात पाहत होत्या आणि सर मागे पाटावर बसून, शाळेत कधी ऐकलं नव्हतं इतक्या हळू आवाजात शिकवत होते. काकू चुकल्या की ते आधी स्वतःच ओशाळायचे. त्या वर्षी सर निवृत्त झाले आणि मग दिवसातून दोनदा शिकवणी होऊ लागली. मराठी झालं, मग त्याच अक्षरांत हिंदी. जोडाक्षरांशी काकूंचं फार दिवस पटलं नाही. 'स्टेशन' त्यांना वाचायला सगळ्यात अवघड गेलं, कारण त्या जन्मभर टेसन म्हणत आल्या होत्या.

दोन हिवाळे गेले. एका दुपारी शाळा सुटल्यावर मी स्टेशनच्या बाजूने घरी निघाले होते. सर फलाटाच्या टोकाला उभे दिसले.

"कुठे निघाले सर?"

"कुठं नाही. तुही काकू येऊन राह्यली. गोंदियाले भावाकडे गेलती. एकटी."

"एकट्या?"

"हौ. तिनंच म्हणलं, मी एकटी जाते अन् एकटी येते."

गाडीची वेळ होऊन गेली होती. मी म्हटलं, "येतील सर, ही गाडी नेहमीच उशिरा येते."

"तुले काय माहीत?" सर एकदम म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी कधी तुटक बोलले नव्हते. त्यांनाच ते जाणवलं असावं. स्टेशन मास्तरच्या खोलीपर्यंत जाऊन ते परत आले. मग पुन्हा गेले. पुन्हा आले. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी ती किती वेळ उभी होती बाहेर?"

"तीन तास असतील."

"बसली नाही?"

"नाही."

सरांनी मान हलवली आणि रुळांकडे बघत राहिले. मी घरी गेले नाही. ऊन उतरलं. चहावाल्याने भांडी विसळायला घेतली. अखेर इंजिनाचा धूर दिसला आणि छोटी गाडी डुलत डुलत फलाटाला लागली. माणसं उतरली, गाठोडी उतरली, एक बकरी उतरली. सर एकेका डब्यापुढून भराभर चालत होते. शेवटच्या डब्यातून काकू उतरल्या. आधी पिशवी खाली दिली, मग स्वतः, कुणाचा हात न धरता.

"इंजिनले पाणी नव्हतं," त्या म्हणाल्या. "लय वेळ थांबली मधात. डब्यातल्या साऱ्या बायाईले म्याच सांगत आली, कोणतं टेसन आलं ते. एक मास्तरीण म्हणे, कोणत्या शाळेत शिकल्या बाई?"

"मंग तू काय म्हणली?"

"म्हणलं, घरच्याच."

सर बाजूच्या बाकावर बसले आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसू लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले. काकूंनी पिशवी बाकाजवळ ठेवली आणि घाई न करता, ते उठेपर्यंत त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या.